छाती काढून उभ्या पैलवानाचा पट पहिला निघतो

विट्याकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "मुलगा बारावीला आहे. सहावीपासून गावच्या तालमीत होता. गेल्या वर्षी शिकायला सांगलीला गेला आणि तिथं एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, शिकवणारा क्लास लावला. तेव्हापासून त्याचं चालणं-बोलणं पार बदललं. दंड दाखवणारे व्हिडिओ टाकतो, मित्र त्याला भाई म्हणतात, परवा कॉलेजच्या गेटवर एकाला मारलं. नम्र राहा म्हटलं तर म्हणतो, नम्र राहिलं की लोक डोक्यावर बसतात. त्याच्या वडिलांना यात काही वावगं वाटत नाही. कुस्तीनं मुलं नम्र होतात असं ऐकलं होतं, मग हे असं का झालं? क्लास बंद करावा का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. क्लास आज बंद करू नका, पण तो एकदा स्वतः जाऊन बघा. काय बघायचं ते पुढं सांगतो. या वयाच्या पोराचा व्यायाम एकदम तोडला म्हणून अंगातली रग कुठं जात नाही, मित्रही तेच राहतात. तयार झालेली मान आणि मोकळा वेळ घेऊन पोरगा चौकात उभा राहायला लागला, तर आत्ता आहे त्याहून काळजीचं होईल.

मी कराडकडं तालीम चालवतो. मातीवर लढलो, मग मॅटवर आलो, ज्यूदो शिकलो आणि शिकवलाही. पोरं घडताना पाहिली तशी बिघडतानाही जवळून पाहिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"कुस्तीनं मुलं नम्र होतात" हे वाक्य तालमीच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी बोलतंच. ते आपोआप होत नाही. 1986 साली अमेरिकेत मायकेल ट्रुल्सन यांनी गुन्हेगारीकडं झुकलेल्या किशोरवयीन मुलांवर एक प्रयोग केला होता. एका गटाला सहा महिने तायक्वांदो जुन्या पद्धतीनं शिकवलं, म्हणजे ध्यान, आदर, शिस्त, मारामारीच्या मर्यादा असं सगळं धरून. दुसऱ्या गटाला नुसते मारण्याचे प्रकार शिकवले. तिसऱ्या गटाला पळणं, बास्केटबॉल वगैरे. पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याची वाढली. नॉर्वेत एन्ड्रेसन आणि ओल्वेउस यांनी 2005 मध्ये 11 ते 13 वर्षांच्या मुलांचा अभ्यास मांडला. बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पूर्वेकडच्या मार्शल आर्ट्स करणाऱ्या मुलांत खेळाबाहेरची दांडगाई वाढलेली दिसली. त्या यादीत आपली कुस्तीही आहे, हे कुस्तीवाल्यांनी मान्य केलं पाहिजे. कला तीच असते. ती कुणी, कुणाबरोबर आणि कशी करून घेतली, त्यावर पोरगा कोणत्या बाजूला जाणार ते ठरतं.

बरेच वस्ताद म्हणतील, संस्कार कमी पडले. तालमीत शिरताना हनुमानाला नमस्कार, हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, उतरताना माती कपाळाला, लढत झाली की वस्तादाच्या पाया पडणं. हे हवंच, माझ्याकडं मी ते चुकू देत नाही. पण रोज नेमानं पाया पडणारी आणि बाहेर जाऊन लहान पोरांच्या कानाखाली वाजवणारी मुलंही मी पाहिलीत. पाया पडायला दोन सेकंद लागतात आणि आता तर त्याचाही व्हिडिओ निघतो. माझ्या मते पोराला जमिनीवर ठेवते ती लढत. आपल्यापेक्षा सरस गड्याबरोबर, सगळ्यांच्या देखत, जवळजवळ रोज. ती बंद झाली की माज चढायला लागतो.

संध्याकाळी लढती सुरू झाल्या की मी डाव नंतर बघतो, कोण कुणाला टाळतंय ते आधी बघतो. अंगानं भरलेला एखादा पोरगा असतो, नवी मुलं त्याला बिचकून असतात. दोघांना तो पटापट खाली घेतो. तिसरा समोर येतो तो त्याच्याच वजनाचा, पण कुस्तीत दोन वर्षं पुढं असलेला. बरोबर त्याच वेळी ह्याचा लंगोट सैल होतो. कडेला जाऊन तो बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो. मग पाणी प्यायला जातो. मग खांदा धरून हात गोल फिरवतो, काहीतरी लचकलेलं असतं. तोवर त्या तिसऱ्यानं दुसऱ्या कुणाला तरी धरलेलं असतं. तेवढं बघून ह्याचा खांदा बरा होतो आणि हा परत एका नव्या पोराच्या मानेवर हात टाकतो. असे आठ-पंधरा दिवस गेले की त्याचं बोलणं वाढतं. तालमीच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायला लागतो. व्हिडिओ याच सुमारास सुरू होतात.

अशा पोराला मी लेक्चर देत नाही. दुसऱ्या दिवशी जोड मी लावतो, तो ज्याला टाळतोय त्याच्याबरोबर. पडतो तो, दोनदा-तीनदा पडतो. पण इथं एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि पुष्कळ तालमींत तीच चुकते. पाडणाऱ्यानं दात काढले, बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या, तर तो पोरगा नम्र होत नाही, आतून पेटतो आणि राग बाहेर कुणावर तरी काढतो. म्हणून मोठा गडी कोण निवडायचा याला वस्ताद लागतो. माझ्याकडचा एक जुना पठ्ठा आहे. तो तिसऱ्यांदा पाडल्यावर हात देऊन उठवतो आणि हळू आवाजात सांगतो, "तुझा उजवा पाय सारखा पुढं राहतोय. मी त्याच्यावरच टपून बसलेलो असतो." मग त्याच पोराला तोच पाय मागं घेऊन उभं राहायला लावतो आणि चौथ्या वेळी स्वतःचा डाव फसू देतो. पोराला एकाच संध्याकाळी दोन गोष्टी कळतात: आपल्याहून भारी माणूस आहे, आणि तो आपला वैरी नाही. पडलेल्या पोराला यातली दुसरी गोष्ट कळली नाही, तर पहिली कळून उपयोग होत नाही.

आता तुमच्या मुलाकडं येतो. सहावीपासून मातीत लोळलेला पोरगा शहरातल्या क्लासमध्ये गेला. तिथं बहुतेक हौसेनं आलेले, आठवड्यातून तीन दिवस येणारे, वर्षा-सहा महिन्यांचे शिकाऊ असणार. पकड आणि मान या दोन गोष्टींवरच तो पहिल्या महिन्यात सगळ्यांना खाली घेत असणार. मी पैजेवर सांगत नाही, पण माझा अंदाज आहे की वर्षभरात त्याची पाठ कुणी जमिनीला लावलेली नाही. गावच्या तालमीत त्याला पाडणारे चार जण होते, इथं कुणी नाही. बदल एमएमए या प्रकारामुळं झाला असं मला वाटत नाही. चांगल्या जागी शिकवलं तर त्या खेळातही पोराची पुरेपूर जिरते. गळ्याला विळखा बसला किंवा कोपराला पेच बसला की हातानं थापटून हार मानावी लागते, ज्यूदोतही तसंच. थापटायला लाज वाटणारा पोरगा महिनाभरात सांधा दुखावून घरी बसतो. त्या खेळात टिकायचं तर "मी हरलो" हे रोज कितीतरी वेळा मान्य करावं लागतं. पण त्यासाठी समोर पेच बसवणारा कुणीतरी हवा.

"नम्र राहिलं की लोक डोक्यावर बसतात" हे त्याचं वाक्य मात्र मला उडवून लावावंसं वाटत नाही. त्याला खोडून काढू नका, त्यात तथ्य आहे. आपल्याकडं नम्रतेच्या नावाखाली पोरांना दबून राहायला शिकवतात. मोठ्यानं चुकीचं सांगितलं तरी मान हलव, कुणी जागा बळकावली तर सोडून दे, तोंड वर करून बोलू नको. हे शिकलेला पोरगा कुस्तीच्या कामाचा नाही. हौद्यात उतरल्यावर मी कुणाला नम्र राहा म्हणत नाही. शड्डू ठोक, मान धर, पुढं सरक, त्याला श्वास घेऊ देऊ नको, असंच सांगतो. शड्डू ठोकणं म्हणजे माज करणं असं समजणाऱ्यांनी कुस्ती पाहिलेली नाही. हलगी वाजत असते, समोर हजारो लोक असतात, अशा वेळी स्वतःला जागं करायला आणि समोरच्याला "मी आलोय" हे सांगायला शड्डू असतो. समोरचाही ठोकतो. हिशेब बरोबरीचा असतो.

माज कसा ओळखायचा ते कुस्तीच्याच भाषेत सांगतो. तुमच्या मुलाला ही भाषा लगेच कळेल. व्हिडिओतला पैलवान कसा उभा असतो ते आठवा: छाती पुढं, खांदे मागं, हनुवटी वर, दोन्ही पाय एका रेषेत, हात शरीरापासून लांब. आता लढणारा पैलवान बघा. गुडघे वाकलेले, कंबर खाली, डोकं पुढं आणि खाली, कोपरं बरगडीला, एक पाय मागं. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. छाती काढून उभा राहिला की मांड्या उघड्या पडतात, वजन टाचांवर जातं, आणि समोरचा एक पाऊल आत टाकून एकेरी पटात शिरतो, म्हणजे एक पाय धरून खाली घेतो. कोपरं लांब ठेवली की बगलडूब मारून, म्हणजे काखेखालून घुसून, पाठीवर यायला वाट मोकळी. रागानं मानेवर रेलणाऱ्याला तर त्याच्याच वजनावर ढाक लागते, म्हणजे तो कमरेवरून फेकला जातो. मॅटवर फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच थांबवतात. जिल्हा स्पर्धेच्या पहिल्या फेरीत असे टेचात आलेले पोरगे पहिल्या मिनिटात बाहेर पडलेले मी कितीतरी पाहिलेत. दिसायला भारी उभं राहणं आणि लढायला भारी उभं राहणं यांत शरीरालाच एक निवडावं लागतं. मुलाला हे उभं राहून करून दाखवायला सांगा. तो तुमच्याशी वाद घालणार नाही, कारण त्याला स्वतःला ते माहीत आहे.

आमच्या तालमीपासून गोळेश्वर लांब नाही. खाशाबा जाधव तिथले, जन्म 15 जानेवारी 1926. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मूर्ती लहान होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना त्यांची अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी स्पर्धेत घ्यायला नकार दिला होता. ते प्राचार्यांकडं गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड गड्यांना पाडलं. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. खाशाबा त्या वेळी दबून घरी गेले नाहीत आणि शिक्षकांशी भांडलेही नाहीत. वर दाद मागितली आणि लढून दाखवलं. पुढं हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. पदक घेऊन आले तेव्हा 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढा मान मिळालेल्या माणसानं त्यानंतर काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवायला मदत केली. ज्यानं आपल्यासाठी जोखीम घेतली त्याचं देणं आधी फेडायचं, हे त्यांना गाड्यांवरून उतरल्यावर कुणी सांगावं लागलं नाही. मी पोरांना पदकापेक्षा ही गोष्ट जास्त वेळा सांगतो.

दुसरं उदाहरण लांबचं, पण माझ्या ज्यूदोच्या पोरांना फार आवडतं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदो पहिल्यांदा आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटोन गीसिंकनं जपानच्या अकिओ कामिनागाला जपानी लोकांच्या भरल्या सभागृहात दाबून धरून हरवलं. ज्या देशानं हा खेळ जन्माला घातला त्याचाच गडी घरच्या मैदानावर हरला होता. हॉलंडचे लोक आनंदानं मॅटकडं धावले, तेव्हा गीसिंकनं खाली कामिनागाजवळूनच हात वर करून त्यांना थांबवलं. आधी दोघांनी उठून रीतसर एकमेकांना वाकून नमस्कार केला. ज्यूदो सुरू करणारे जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन केली, आणि "दोघांचंही भलं" हे त्यांनी पुढं मांडलेलं या विद्येचं एक मुख्य तत्त्व आहे. गीसिंकचा तो हात बघितला की ते पोरांना समजावून सांगायची गरज पडत नाही. त्याच टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर भारताकडून कुस्ती लढले होते. ही मोठी माणसं याच मातीतली आहेत. कवठेपिरानचे मारुती माने 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले आणि 1964 ला हिंदकेसरी झाले. सांगली जिल्ह्यातल्या पोराला आदर्शासाठी मोबाईल उघडावा लागू नये.

मोबाईलमधल्या आदर्शांबद्दल थोडंच बोलतो. तिथं दिसणारी आरडाओरड, खुन्नस, एकमेकांच्या नाकाला नाक लावणं हा तिकिटं खपवण्याचा धंदा आहे आणि त्यात गुपित काही नाही. मोहम्मद अलींनी स्वतः सांगितलं होतं की स्वतःची बढाई मारून गर्दी खेचायची युक्ती त्यांनी गॉर्जस जॉर्ज नावाच्या शो करणाऱ्या पैलवानाकडून उचलली. कॅमेरा बंद झाला की हीच माणसं पहाटे पाच वाजता उठून पळतात आणि प्रशिक्षकापुढं मान खाली घालून ऐकतात. पोरांना तेवढा भाग कुणी दाखवत नाही. ज्या सरावानं अली अली झाले तो सराव सोडून पोरं फक्त जाहिरात उचलतात.

आता जे लिहितोय ते त्याच्या वडिलांनी वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. दादा, पोराला लोक पैलवान म्हणतात तेव्हा मूठभर मांस चढतं, ते मी समजू शकतो. पण आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत अशा मानेला आणि अशा नावाला गिऱ्हाईक आहे. कुणाला जमिनीचा ताबा घ्यायचा असतो, कुणाला उधारी वसूल करायची असते, कुणाला निवडणुकीत मागं चार दांडगे उभे करायचे असतात. ते तुमच्या घरी येऊन विचारत नाहीत. ते पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावतात, खुराकाला पैसे देतात, गाडीत बसवून फिरवतात. जो पोरगा रोज लढतो, दमतो आणि लवकर झोपतो, त्याचा त्यांना उपयोग नसतो. त्यांना दिसायला पैलवान हवा असतो. म्हणून "जरा भाईगिरी करतोय, वय आहे" असं म्हणून सोडून देऊ नका. मित्र त्याला नुसतं भाई म्हणतायत की त्याच्यावर खर्चही कुणी करतंय, ते बघा. खर्च करत असेल तर तो कोण आहे, ते आठवड्याच्या आत शोधून काढा.

कॉलेजच्या गेटवरची मारामारी तर मुळीच हलकी घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. हाड मोडलं, सांधा निखळला किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत धरली जाते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैलवानाचा एक हात लागला तरी समोरच्याचं काय होतं, हे तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा कमी माहीत नाही. कायदा स्वतःचा बचाव करू देतो, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळाची मुभा देतो. प्रशिक्षित माणसानं खाली पाडलेल्याला पुन्हा मारलं तर त्याला बचाव म्हणणं अवघड जातं. आणि आपल्या भागातली निम्मी तालीम भरतीच्या आशेवर चालते. पोलीस असो की सैन्य, चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा समोर आला की जोर-बैठकांचे किती आकडे सांगता त्याला कुणी विचारत नाही. ज्या मुलाला मारलं त्याच्या घरी वडिलांनी मुलाला घेऊन जावं. ओळखीच्या कुणाकडून प्रकरण मिटवू नये. दारात उभं राहून मुलानं स्वतःच्या तोंडानं माफी मागावी आणि औषधाचा खर्च झाला असेल तर तो द्यावा. ओळखीनं मिटवलेलं प्रकरण पोराला एवढंच शिकवतं की आपल्याला कुणी हात लावू शकत नाही.

आणखी एक विचारून घ्या, शक्यतो एकट्यात आणि न ओरडता. अंगाला इंजेक्शन घेतोय का? जिममध्ये मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन पोरं घेतात. भूल दिल्यावर शस्त्रक्रियेत रक्तदाब उतरला तर तो वर आणायला डॉक्टर वापरतात ते हे औषध. निरोगी पोरानं ते शिरेत घेतलं की छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड वाढते आणि सवय लागते. स्पर्धेच्या काळात ते बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे. स्टेरॉइडनंही रागावरचा ताबा जाऊ शकतो. हातावर सुयांच्या खुणा, रात्री जागणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं असं काही दिसलं, तर हा वळणाचा प्रश्न राहत नाही. सरळ डॉक्टरकडं न्या, आणि घेतलेलं सगळं डॉक्टरला खरं सांगायला लावा.

आता क्लास कसा बघायचा. न सांगता जा आणि शेवटचा अर्धा तास बसा, कारण सुरुवातीच्या कवायती सगळीकडं सारख्याच असतात. तिथला सर्वांत कमजोर पोरगा शोधा आणि लढतीत त्याचं काय होतं तेवढंच बघा. त्याच्यापेक्षा वजनदार गडी त्याच्याशी खेळताना जोर कमी करतो का, पकड घ्यायची संधी देतो का? तो पडल्यावर कोच हसतो की जवळ जातो? कोच स्वतः घाम गाळतो का, पोरांसमोर कधी खाली पडतो का, की नुसता कडेला उभा राहून आवाज देतो? शेवटी मॅट कोण पुसतं, तेही बघा. आमच्याकडं हौदा उकरायला फावडं हातात घेणारा पहिला माणूस तालमीतला सर्वांत मोठा पैलवान असतो. मातीत हळद, ताक, तेल मिसळायचं काम लहानांवर ढकललं जात नाही. जिथं फक्त नवी पोरं झाडतात आणि मोठी मोबाईल बघत बसतात, तिथं तुमच्या मुलानं काय उचललं असेल ते वेगळं सांगायला नको.

तिथं मुली शिकत असतील तर फारच चांगलं. मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा जिंकली. तरीही मुलीबरोबर लढत धरायला नाही म्हणणारे पोरगे माझ्याकडं येतात. कारण संकोचाचं सांगतात, पण बहुतेक वेळा खरी धास्ती हरण्याची असते. सरावलेल्या मुलीनं वजनात जवळच्या नवख्या पोराला पाडणं यात नवल काही नाही. ज्या तालमीत हे रोजचं होतं, तिथल्या पोरांची बढाई बोलण्यातून लवकर जाते.

मुलासाठी माझा सल्ला असा. गावच्या तालमीत त्याला पाडणारे जे चार जण होते, त्यांच्याकडं शनिवार-रविवार पुन्हा पाठवा. वस्तादांना आधी भेटून सगळं मोकळेपणानं सांगा, आणि पोराला सगळ्यांसमोर बोलू नका एवढी विनंती करा. जोड कुणाशी लावायची ते त्यांना बरोबर कळतं. बारावीला आहे म्हणजे शालेय स्पर्धेत 19 वर्षांखालच्या गटात बसेल. त्यात उतरवा. हरला तरी चालेल, तालुक्याला हरला तर जास्तच बरं, फक्त हरल्यावर घरात कुणी पंचांना शिव्या देऊ नका. कुंडलला भरणाऱ्या कुस्त्यांच्या मैदानाला त्याच्या वडिलांनी त्याला सोबत घेऊन जावं आणि मोठ्या जोडीची कुस्ती शेवटपर्यंत बघावी. खडाखडी चालली असताना दोघं मल्ल एकमेकांना किती जपून हात घालतात ते पोराला दिसू दे. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे वस्तादांना सांगून चौथी-पाचवीतली दोन-तीन मुलं त्याच्याकडं शिकायला द्या. लहान पोराला पट शिकवताना स्वतः शंभर वेळा खाली पडावं लागतं, आणि ते पोर घरी जाऊन आपलं नाव सांगतं तेव्हा चौकात वागताना हात आवरतो. माझ्याकडं सगळ्यात आडदांड म्हणून आलेली पोरं या कामानं जितकी बदलली तितकी दुसऱ्या कशानं बदललेली मला आठवत नाहीत.

व्हिडिओ बंद कर म्हणून भांडू नका, तो दुसऱ्या नावानं टाकेल. त्याऐवजी त्याला लढतीचे टाकायला सांगा, हरलेल्या लढतींसकट. तयार झाला तर उत्तम. नाही झाला तर निदान का नाही, यावर तुमच्यात एकदा बोलणं होईल.

नम्र राहा हे शब्द सध्या काही दिवस घरात वापरू नका, त्याला ते दबून राहा असे ऐकू येतात. त्याऐवजी दर रविवारी तालमीतून आला की एवढंच विचारा, आज तुला कुणी पाडलं आणि कोणत्या डावावर पाडलं. सुरुवातीला चिडेल. दोन-तीन महिन्यांत नाव आणि डाव दोन्ही सांगायला लागला, तर सांगलीचा क्लास खुशाल चालू ठेवा. तिथली मेहनत वाया जाणार नाही. पण क्लासवाल्यांनी तुम्हाला बसून बघू दिलं नाही, किंवा पोरांना रस्त्यावरच्या मारामारीबद्दल शाबासकी दिलेली कानावर आली, तर भरलेली फी सोडून द्या आणि त्याला त्याच आठवड्यात तिथून काढा. विटा, पलूस, कराड या पट्ट्यात चांगले वस्ताद आजही आहेत. शोधायला अडचण आली तर जिल्हा तालीम संघात जाऊन विचारा, ते योग्य तालीम दाखवतील.